ग्राहकाशी संभाषा : औषधालयाचा खरा प्रचार

आयुर्वेदीय औषधांच्या प्रचाराचा विषय निघाला की फलक, पत्रके आणि सवलती यांचीच चर्चा होते. हे सर्व बोलणे एकतर्फी असते. वस्तुतः दर्शन, स्पर्शन व प्रश्न या त्रिविध परीक्षेतील ‘प्रश्न’ हे साधन आपल्या हाती पूर्वापार आहे. परंतु चिकित्सालयातून औषधालयाच्या गल्ल्यावर येताच आपण ते विसरतो.

चरकसंहितेच्या विमानस्थानात, आठव्या अध्यायात, तद्विद्यसंभाषेचे संधाय व विगृह्य असे दोन प्रकार वर्णिले आहेत. पहिली जाणून घेण्यासाठी स्नेहभावाने केलेली, तर दुसरी जिंकण्यासाठी केलेली. हा विचार वैद्यांच्या परस्पर चर्चेविषयी आहे हे खरे. तथापि तक्रार घेऊन आलेल्या ग्राहकाशी आपण बहुधा विगृह्य संभाषाच करीत असतो.

याचा अनुभव आम्हीही घेतला आहे. त्रिफळा चूर्ण नेणाऱ्या एका वृद्ध भगिनींनी जुलाब होत असल्याचे आमच्या औषधालयात येऊन सांगितले. ‘पोट साफ होत आहे, चांगलेच आहे,’ असे उत्तर त्यांना मिळाले. त्या पुन्हा आल्या नाहीत. काही महिन्यांनी त्या भेटल्या असता आम्ही सविस्तर चौकशी केली. पुडीवर ‘एक चमचा’ असे लिहिलेले होते आणि त्या स्वयंपाकघरातील मोठ्या चमच्याने चूर्ण घेत होत्या! पाच मिलिलिटरच्या लहान चमच्याच्या जागी पंधरा मिलिलिटरचा चमचा, म्हणजे मात्रा तिप्पट. दोष औषधाचा नव्हता, ग्राहकाचाही नव्हता. तो आमच्या अर्धवट सूचनेचा आणि त्याहून अधिक आमच्या न ऐकण्याचा होता.

तेव्हापासून आम्ही पुढील पद्धती अवलंबिली आहे :

१. औषध देताना मात्रा, काल व अनुपान सांगून ‘आता आपण कसे घ्याल ते सांगा’ अशी विनंती करावी. ‘समजले ना?’ या प्रश्नास सर्वजण होकारच देतात.

२. मधुमेह, रक्तदाब आदींसाठी अन्य औषधे चालू आहेत काय, हे न रागावता विचारावे. रागावल्यास माहिती लपविली जाते. मधुमेही ग्राहकास अवलेहातील साखरेची कल्पना आपण होऊन द्यावी.

३. तक्रारवही ठेवावी व दर महिन्यास वैद्याने ती स्वतः वाचावी. औषधाच्या दुष्परिणामाची शंका आल्यास आयुष मंत्रालयाच्या औषधदक्षता केंद्रास कळवावे.

४. तक्रारीमुळे जो बदल केला तो तक्रार करणाऱ्यास अवश्य सांगावा. आम्ही पुडीवर मात्रा ग्रॅममध्ये छापून सोबत मापाचा चमचा देऊ लागलो, तेव्हा पहिला चमचा त्या भगिनींना नेऊन दिला.

एक सावधगिरी आवश्यक आहे. ग्राहकाने विश्वासाने सांगितलेले अनुभव जाहिरातीचे साहित्य नव्हे. आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या १९५४ च्या कायद्यानुसार मधुमेहासारखे अनुसूचीतील रोग बरे करण्याची जाहिरात निषिद्ध आहे. रुग्णाच्या तोंडून वदविल्याने ती निर्दोष ठरत नाही.

त्या भगिनी आज पुन्हा आमच्याकडून औषध नेतात. शेजारणीस घेऊन येतात, तेव्हा चमचा कोणता वापरावा हे त्या स्वतःच समजावून सांगतात. कोणत्याही फलकाने हे कार्य केले नसते.