कॉम्प्रेशन बंद करू का?

प्रश्न : ऑफिसच्या फाइल सर्व्हरवर झेडएफएस आहे. जागा वाचावी म्हणून जीझिप-९ लावलं, तर मोठी फाइल सेव्ह करताना सगळे ताटकळतात. कॉम्प्रेशन बंदच करू का?

उत्तर : मुळीच नको. फक्त जीझिप-९ काढा. थोड्याशा जागेसाठी तो प्रोसेसरचा घाम काढतो. त्याजागी एलझेड४ लावा. जेपेग, एमपी४, झिप अशा आधीच आवळलेल्या फाइलींपुढे तो लवकर हात टेकतो आणि ब्लॉक आहे तसा लिहितो. लॉग किंवा सीएसव्ही मात्र चांगल्या आवळल्या जातात, डिस्कवर लिहायचंच कमी उरतं. मग वेग कधीकधी वाढतोसुद्धा. जुन्या बॅकअपसाठी वेगळा डेटासेट करून झेडएसटीडी द्या (ओपनझेडएफएस २.० किंवा पुढची आवृत्ती हवी). सेटिंग बदललं तरी जुन्या फाइली तशाच राहतात. नवं कॉम्प्रेशन नव्याने किंवा पुन्हा लिहिलेल्या डेटालाच लागतं.