आहाररूपी पारितोषिक व पादांशिक क्रम

कार्यालय सुटल्यावर सीताबर्डीत थांबून रोज संत्रा बर्फीचे चार तुकडे खाणारा रुग्ण ‘भूक लागली होती’ असे क्वचितच सांगतो. ‘दिवसभर राबलो, एवढे तरी हवे,’ असे त्याचे म्हणणे असते. दुपारचे अन्न पचले नसता घेतलेला हा आहार म्हणजे अध्यशन. अहित ठाऊक असूनही ते घडते, म्हणून मूळ धृतिभ्रंशात शोधावे लागते.

अशा रुग्णास ‘गोड वर्ज्य’ एवढेच लिहून देण्याची चूक प्रस्तुत लेखकानेही केली आहे. रुग्ण आठ दिवस पाळतो, नवव्या दिवशी दुप्पट खातो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील ७ व्या अध्यायात अंगवळणी पडलेले अहित चतुर्थांशाने सोडून त्या जागी तेवढेच हितकर योजावे, असा क्रम आहे. वाग्भटांनी षोडशांशाचीही मुभा दिली आहे. चाराऐवजी तीन तुकडे, हे रुग्णास पटते.

चरकांच्या याच अध्यायात क्षुधा अधारणीय वेगांत, तर लोभ धारणीय वेगांत गणला आहे, याकडे आपले दुर्लक्ष होते. भाकरी-भाजीने शमेल ती क्षुधा. ती अडवू नये. लोभ असल्यास मात्र नुसती मात्रा घटवून भागत नाही, कारण श्रमाचे मोल मागणारी ती सायंकाळची वेळ रिकामीच राहते. तेथे पादाभ्यंग किंवा अंबाझरीकाठची फेरी योजावी. रुग्णाला ‘काय खाता’ याआधी ‘केव्हा व कशाबद्दल’ हे विचारावे. मधुमेहाची औषधे चालू असल्यास हा क्रम रक्तशर्करा तपासूनच आरंभावा.