पाटील खरे, पण मूळचे कोण?

प्रश्न : आमच्या भागात दर दुसरे घर पाटलांचे. मग आम्ही सगळे एकाच घराण्यातले का? तसे असेल, तर पाटलांची पाटलांत सोयरीक कशी जमते?
– एक वाचक, वाळवा तालुका

उत्तर : पाटील हे मुळात आडनाव नव्हे, गावकीचा हुद्दा. सारा वसूल करायचा, तंटे मिटवायचे, पोळ्याला पहिल्या बैलाचा मान घ्यायचा. वतन पिढीजात, त्यामुळे हुद्दाच भाऊबंदांच्या नावापुढे लागला आणि जुने आडनाव मागे पडले. तुमच्याच तालुक्यातले येडे मच्छिंद्रचे क्रांतिसिंह नाना पाटील मूळचे पिसाळ. सांगली-मिरजेकडे तर पाटील जैन आहेत, लिंगायत आहेत, मुसलमानही आहेत; घराणे एक कुठून असणार? मुलकी पाटीलकी 1962 च्या कायद्याने गेली, आडनाव मात्र राहिले. कुलकर्णी, देशमुख, देशपांडे यांचीही हीच गत.

काही घराण्यांचे मूळ आडनाव गावाने झाकले. फलटणचे नाईक निंबाळकर मूळचे पवार. निंबळक गावावरून निंबाळकर झाले. जतचे डफळे मूळचे चव्हाण. डफळापूरची पाटीलकी, म्हणून डफळे. किर्लोस्करांचे तर दोन्हीकडून झाले. मालवणकडच्या किर्लोसी गावाने त्यांना आडनाव दिले आणि 1910 मध्ये लक्ष्मणरावांनी कुंडलच्या माळावर कारखाना हलवला, तेव्हा त्या आडनावाने किर्लोस्करवाडी वसली.

आता सोयरिकीचे. बैठकीत जाणती माणसे आधी हेच विचारतात, "पाव्हणं, पाटील खरं, पण मूळचं कोण? देवक कोणतं?" मूळ आडनाव, कूळ आणि देवक वेगळे निघाले की पाटलांची लेक पाटलांकडे खुशाल नांदायला जाते. उलट डफळे आणि चव्हाण ही नावे ऐकायला वेगळी, पण मूळ एकच. म्हणजे आडनावावरून नाते जुळत नाही, तसे तुटतही नाही.

तुमचे मूळ आडनाव शोधायचे असेल, तर सुगीनंतर बैल घेऊन दारी येणाऱ्या हेळव्याला रिकाम्या हाताने पाठवू नका. त्याच्या वहीत पिढ्यांची नावे असतात. तहसील कचेरीत जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, म्हणजे कोतवाल बुक, मागा. बरेच कागद मोडीत असतात, तेव्हा मोडी वाचणारा सोबत न्या. आणि घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला मात्र आजच विचारा.