पाळलेल्या जिवाचा हक्क

घरात मासे पाळणे मूलतः वैध आहे. हजरत अनस (रजि.) यांचा धाकटा भाऊ अबू उमैर याच्यापाशी एक लहानसा पक्षी होता. प्रेषितांनी (स.) त्याला मनाई केली नाही, उलट पक्षी मेल्यावर त्या बालकाची प्रेमाने विचारपूस केली. बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांतील या हदीसच्या आधारे उलेमांनी प्राणी पाळण्याची परवानगी सांगितली आहे.

मात्र ही परवानगी अटीविना नाही. मांजरीला कोंडून ठेवणारी, तिला न खाऊ घालणारी व न मोकळे सोडणारी स्त्री शिक्षेस पात्र ठरली, हेही याच दोन संग्रहांत आले आहे. पाळलेला जीव ही अमानत आहे.

आता शार्कचा विचार करा. परदेशांतील काही हौशी लोक घरच्या टाकीत नर्स शार्क पाळतात. जन्मतः ती जेमतेम एक फुटाची असते. पूर्ण वाढल्यावर नऊ-दहा फुटांची होऊ शकते. आठ फुटांच्या टाकीत तिने वळावे तरी कसे? ब्लॅकटिप रीफ शार्क तर सतत पोहत राहिली तरच श्वास घेऊ शकते. आपल्याकडील दुकानांत ‘शार्क’ म्हणून विकले जाणारे बोटभर पिल्लू बहुधा पंगस असते. तो खरा शार्क नव्हे. मेकाँग नदीच्या खोऱ्यातील, कळपाने राहणारा मासा आहे. तोही मीटरभराहून अधिक वाढतो आणि दचकला की काचेवर आदळून जखमी होतो.

कोणी म्हणेल, “आम्ही त्याला रोज खाऊ घालतो, मग जुलूम कसला?” अबू दाऊद यांच्या संग्रहातील उंटाची हदीस आठवा. प्रेषितांनी (स.) त्याच्या मालकाला अल्लाहचे भय बाळगण्यास बजावले, ते उंटाला उपाशी ठेवल्याबद्दल आणि त्याला अतोनात राबवून थकवल्याबद्दलही. म्हणजे जिवाचा हक्क केवळ चाऱ्यापुरता नाही. ज्याच्या देहाची रचनाच अथांग पाण्यासाठी झाली, त्याला हालचालीपुरतीही जागा न देणे हा त्याचा हक्क डावलणेच होय.

म्हणून खरेदीपूर्वी पिल्लाकडे नव्हे, पूर्ण वाढलेल्या माशाकडे पाहून निर्णय घ्या. त्याचा हक्क आयुष्यभर देणे शक्य नसेल, तर तो न घेणे हेच उचित. आधीच घेतला असेल, तर नदी-तलावात सोडू नका. परका मासा तेथील जिवांना अपाय करू शकतो. त्याला पुरेशी जागा देऊ शकेल अशा जाणकाराकडे सोपवा. तोवर जमेल तितकी मोठी टाकी व स्वच्छ पाणी द्या. मुले हट्ट करतील, तेव्हा नकाराचे कारणही सांगा. दयेचा धडा त्यांना तेथेच मिळेल.

अल्लाह आपल्याला प्रत्येक जिवाचा हक्क ओळखण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.