वस्तऱ्याला ओला फेस लागतो

बाबू, चामोटीवर पातं फिरवायला तुला आता सांगावं लागत नाही. पातं उलटवताना तू पाठीवरून उलटवतोस, धारेवरून नाही, हे मी पाहिलंय. आता फेसाकडे लक्ष दे. गिऱ्हाइकाच्या गालाची आग झाली की आपण पात्याला दोष देतो आणि ब्लेड बदलत बसतो. पण पुष्कळदा पातं चांगलं असतं, फेसच कोरडा असतो. फेस कोरडा का, तर पाणी जड किंवा पाणी कमी. म्हणून वाटीत काही घालायच्या आधी पाणी तपास.

एक स्वच्छ बाटली घे. तिच्यात अर्धी बाटली पाणी आणि साबणाचा नखाएवढा कीस घालून जोरात हलव. फेस वर टिकला तर पाणी मऊ. फेस बसला आणि पाण्यावर पांढरट साका तरंगला तर पाणी जड. बोअरच्या पाण्यात चुना आणि मॅग्नेशियम असतं. साबण आधी त्यांच्याशी जुळतो, साका होऊन जातो, आणि उरलेल्यातून काय फेस होणार? असं पाणी उकळून निवू दे. जडपणाचा काही भाग किटलीच्या तळाशी बसतो, वरचं निथळ पाणी घे. त्याहून चांगलं पावसाचं. पहिल्या सरींनी पत्रे धुऊन निघाले की पुढचं पाणी झाकून भरून ठेव. पावसाळ्यात प्राणहिता नदी गढूळ होते आणि घरोघरी पाण्यात तुरटी फिरवतात. ते पाणी निवळलेलं दिसतं, पण तुरटी जास्त पडली असेल तर त्यात साबण फाटतो. वाटीसाठी ते घेऊ नको.

आता साबण. डब्यामागचं बारीक छापलेलं वाचत जा. स्टिअरिक आम्ल आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड ही नावं सुरुवातीला असतील तर साबण दाढीचा आहे. पोटॅशियमचा साबण मऊ असतो, पाणी लवकर धरतो. स्टिअरिक आम्लाने फेसाला जाडपणा येतो, तो लवकर बसत नाही. अंगाच्या साबणाचा फेस भराभर फुगतो, पण त्यात मोठे बुडबुडे असतात आणि गालावर तो लगेच विरतो. घाईच्या वेळीही तो वापरू नको.

वाटीतला फेस उंच झाला की नवशिक्याला आनंद होतो. वस्तऱ्याला उंच फेस लागतच नाही. त्याला ओला, बारीक, घुसळलेल्या दह्यासारखा फेस लागतो. ब्रश कोमट पाण्यात भिजव, एकदाच झटक, साबणावर फिरवून दाट लेप घे. मग वाटीत चार चार थेंब पाणी घालत घोळव. बुडबुडे डोळ्यांना दिसेनासे झाले आणि फेसावर ओली चकाकी आली की थांब. खरी परीक्षा गालावर. पातं पुढे गेलं की मागे उघड्या पडलेल्या जागेवर ओलं बोट टेकवून सरकव. बोट घसरलं पाहिजे. अडखळलं तर फेस कोरडा होता, आणि त्या जागी दुसरा हात फिरवलास की आग होणारच. कान देऊन ऐकायलाही शीक. कोरड्या फेसावर पातं खरखरतं, ओल्यावर केस कापल्याचा बारीक आवाज तेवढा येतो.

एवढं करूनही उन्हाळ्यात फेस वाळतो, तेव्हा वाटीत काही घालायचं. पहिला मान ग्लिसरीनचा. ते पाणी धरून ठेवतं. एका वाटीला दोन थेंब, फार तर तीन. जास्त घातलंस तर फेस पातळ होऊन हनुवटीवरून ओघळतो. 2022 च्या एप्रिलमध्ये प्राणहितेवर पुष्कराचा मेळा होता, तेव्हा घाटावर मुंडनाला माणसं रांगा लावून बसली होती. उन्हात टाळूवरचा फेस बघता बघता पांढरा पापुद्रा होत होता. तिथे ग्लिसरीनच्या दोन थेंबांनी काम सोपं केलं, आणि एका वेळी अर्ध्याच डोक्याला फेस लावायचा, सगळ्याला एकदम नाही, हेही तिथे पक्कं झालं. दुकानात गिऱ्हाइकाचं तोंड पंख्याकडे करू नको. वाऱ्याने जेवढा फेस वाळतो तेवढा उन्हानेही वाळत नाही.

दुसरा मान आपल्या जवसाचा, आणि हा मला सगळ्यांत आवडतो. धानाच्या बांध्यांत उतेऱ्याला, म्हणजे उभ्या पिकातच, पेरतात तोच जवस. एक चमचा जवस कपभर पाण्यात पाच-सात मिनिटं उकळ आणि गरम असतानाच फडक्यातून गाळ. थंड झाल्यावर गाळायला गेलास तर रस फडक्यातून उतरत नाही. बोटांत तार धरणारा बुळबुळीत रस निघतो. फेस तयार झाल्यावर त्यातला अर्धा लहान चमचा घाल आणि पुन्हा घोळव. फेस किंचित खाली बसेल, घाबरू नको, पात्याखाली तो असा घसरतो की जाड खुंटांची दाढीसुद्धा ओढत नाही. रस सकाळी काढला की संध्याकाळी उरलेला फेकून दे. आपल्याकडच्या उन्हात तो आंबतो, आणि आंबलेलं कापल्या जागी जाता कामा नये.

कोरफडही चालते, पण पान कापून उभं ठेव, पिवळा चीक पूर्ण निथळू दे, मग धुऊन आतला गर घे. त्या चिकाने कातडीला खाज सुटते. मला विचारशील तर जवस असताना कोरफडीचा खटाटोप नको.

तेलाबद्दल लोक हट्ट धरतात. खोबरेल असो की मोहाच्या बियांचं, वाटीत घालायचं नाही. तेलाने फेस मरतो. दुधाची सायही त्यातलीच. एखाद्या म्हाताऱ्या माणसाची कातडी कोरडी, सुरकुतलेली असेल तर आधी गाल धुवून, गरम पाण्याचा टॉवेल ठेवून, दोन थेंब तेल ओल्या हाताने चोळ आणि त्यावर फेस लाव. तेल खाली, फेस वर.

लिंबू कधीही पिळू नको. आंबटाने साबण फाटतो, चरबी सुटी होऊन गाठी तरंगतात. मिठाने फेस बसतो. खाण्याचा सोडा आणि टाकणखार घातला की फेस फुगलेला दिसतो, पण कातडी रखरखीत होते. रिठ्याचा फेस हलका आणि कोरडा, डोळ्यांत गेला तर माणूस कळवळतो. डिंकाने फेस चिकट होतो आणि पात्यावर बसतो. कापूर नि पुदिन्याच्या अर्काने थंड वाटतं, म्हणून गिऱ्हाईक मागतं. पण गारव्यात कातडीला चिरा पडल्याचं त्याला कळत नाही आणि आपल्यालाही कळत नाही, म्हणून मी ते ठेवत नाही. तुरटी शेवटी, ओल्या गालावर, रक्त थांबवायला. फेसात घातलीस तर साबणाच्या कण्या होतील.

नवं काही घालायचं तर आधी गिऱ्हाइकाला विचार, आणि कानामागे थोडं लावून दुसऱ्या दिवशी बघ. पुटकुळ्या असलेल्या, खाज सुटणाऱ्या चेहऱ्यावर साधा साबण आणि मऊ पाणी, बाकी काही नाही. दुकानात अर्ध्या ब्लेडचाच वस्तरा वापर, दर माणसाला नवं ब्लेड. रक्तातून एचआयव्ही आणि काविळीचे काही प्रकारही पसरतात. आजोबांचा अखंड वस्तरा तू स्वतःच्या दाढीपुरता ठेव.

रात्री दुकान बंद करताना वाटीतला उरलेला फेस टाकून दे, उद्यासाठी झाकून ठेवू नको. ब्रश साबण निघेपर्यंत धू. जवसाचा रस वापरला असेल तर कोमट पाण्याने दोनदा धू, नाहीतर केसांच्या मुळाशी तो वाळून बसतो. मग झटकून, केस खाली करून खिळ्याला टांग.