म्हशीचे गर्भाशय फाटणे

म्हैस अडली की चार गडी पारडाच्या पायांस दोर लावून ओढू लागतात, ही रीत आम्ही गावोगाव पाहिली आहे. गर्भाशय फाटण्याचे पुष्कळसे पाप तिच्याच माथी येते. गाईपेक्षा म्हशीच्या गर्भाशयास पीळ अधिक पडतो, तोही बहुधा उजवीकडे. पीळ असता वाट पुरी उघडत नाही. तशात ओढाताण झाली, किंवा मेलेले पारडू आत फुगले, तर पिशवी चिरते. मग कळा एकाएकी थांबतात आणि धनी म्हणतो, ‘आराम पडला!’ वस्तुतः आत रक्त वाहत असते, कान गार पडत असतात. त्यातून निभावले तरी पोटात पू होऊन जनावर बहुधा दगावते. पाणमोट फुटून तासभरात पारडू पुढे न सरकल्यास पशुवैद्यास आणावे. पीळ असल्यास तो म्हशीस पिळाच्याच दिशेने लोळवून सोडवितो.