सीताफळाची बी आणि पायलीभर कोंडा

प्रश्न : आमचा मुलगा पाच वर्षांचा आहे. सीताफळ खाताना त्यानं बी गिळली, तेव्हा आजोबा म्हणाले, "आता पोटात झाड उगवणार, कानातून फांद्या येणार." रात्री तो किती वेळ पोट चाचपत होता. नंतर एकदा आत्यानं सांगितलं, "तुला आम्ही पायलीभर कोंडा देऊन घेतलंय." त्यावर मात्र तो हमसून हमसून रडला. लेकरं असलं काहीही खरं कसं मानतात? घरातली ही थट्टा बंद करावी का?
— एक वाचक, धारूर

उत्तर : पाच वर्षांच्या लेकराला जे जे ठाऊक असतं, त्यातलं फार थोडं त्यानं स्वतः पाहिलेलं असतं. पृथ्वी गोल आहे, आपल्याला पणजोबा होते, किल्ल्यावर कधीकाळी फौज राहायची, हे सगळं त्यानं घरच्यांच्या शब्दावर घेतलेलं. बालाघाट डोंगराच्या उतारावर बी पडली की सीताफळ उगवतं, हे तर तो रोज बघतो. मग गिळलेली बी आत का रुजणार नाही? त्याचा तर्क चोख आहे, कमी पडली ती माहिती.

व्हर्जिनिया विद्यापीठातले विक्रम जसवाल आणि त्यांचे सहकारी यांनी २०१० मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. कपाखाली हवीहवीशी वस्तू लपवायची आणि तीन वर्षांच्या मुलाला मुद्दाम दुसराच कप सांगायचा. मोठं माणूस तोंडानं सांगत होतं तेव्हा पुन्हा पुन्हा फसूनही मुलं त्याच्याच शब्दावर जात राहिली. तोंडानं काही न सांगता चुकीच्या कपावर नुसता बाण ठेवला, तेव्हा मात्र ती लवकर सावध झाली. म्हणजे खुणेवर शंका घेणं त्यांना जमतं, समोरच्या माणसाच्या बोलण्यावर घेणं जड जातं. चारेक वर्षांपासून कोण खरं सांगतं, कोण चुकतं, याचा हिशेब ती ठेवू लागतात. तरी आजोबांचं खातं त्या हिशेबात फार भरभक्कम असतं.

बीचं काय होतं ते त्याला सांगून टाका. सीताफळाच्या बीचं कवच इतकं टणक की अख्खी गिळलेली बी एक-दोन दिवसांत जशीच्या तशी बाहेर पडते. रुजायला तिला माती, हवा आणि कित्येक आठवडे लागतात. एक बी रात्रभर भिजवून त्याच्याच हातानं कुंडीत लावा आणि कोंब यायला किती दिवस लागतात ते भिंतीवर रेघा मारून मोजू द्या. आजोबांची थाप आपण स्वतः पकडली, याचा त्याला केवढा आनंद होईल! एक मात्र सांभाळा. बी फोडून किंवा चावून खाऊ देऊ नका, ती विषारी असते. उवांसाठी तिची पूड डोक्याला लावतात, तीही डोळ्यांत गेली तर मोठी इजा करते.

थट्टेचं म्हणाल, तर लेकरू ती आपल्याकडून शिकायच्या आधीच करायला लागतं. मानसशास्त्रज्ञ वासुदेवी रेड्डी यांनी वर्षाच्या आतल्या बाळांचा अभ्यास केला. नऊ-दहा महिन्यांचं बाळ खेळणं पुढं करतं, तुम्ही हात लावताच मागं घेतं आणि तुमच्या तोंडाकडं बघून हसतं. समोरच्याला काय वाटतंय हे अजमावायची ती सुरुवात आहे. म्हणून आजोबांची थाप मला मनापासून आवडली. तिच्यातून बाहेर यायला वाट आहे, आणि बाहेर आलेलं लेकरू पुढं धाकट्या भावंडाला तीच थाप मारणार आहे.

आत्याचं बोलणं वेगळं. त्याला आपल्याकडं जुनं मूळ आहे. ज्या घरात मुलं जगत नसत, तिथं नवं बाळ दुसऱ्याच्या पदरात टाकून मूठ-पसा कोंडा देऊन परत घेत, नाहीतर उकिरड्यावर ठेवून उचलून आणत. हे आपलं नव्हेच, असं दैवाला भासवायचं. कोंडिबा, कोंडाबाई, उकिर्डा, केरबा ही नावं तिथून आली. मूल वाचावं म्हणून जिवाच्या आकांतानं केलेली ती खटपट होती. पुढं तेच शब्द चिडवायला उरले, असं मला वाटतं. मराठवाड्याबाहेरही असं चिडवणं चालतंच. सूरदासांच्या एका पदात बाळकृष्ण यशोदेकडं गाऱ्हाणं करतो की, दादा मला विकत आणलेला म्हणतो, नंद-यशोदा गोरे असताना तूच काळा कसा म्हणून विचारतो. यशोदा तिथल्या तिथं शपथ घेऊन सांगते, मी तुझी आई.

ती शपथ महत्त्वाची. झाडाची थाप पोटापुरती असते, आत्याची थाप मात्र आपण कुणाचे या प्रश्नाला हात घालते आणि तो पडताळायला लेकराकडं काहीच साधन नसतं. आईबापांच्या थापांवर २०१३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात अमेरिकेतल्या ८४ टक्के आणि चीनमधल्या ९८ टक्के पालकांनी मुलांनी ऐकावं म्हणून खोटं बोलत असल्याचं मान्य केलं. सर्वांत जास्त ऐकू आलेलं खोटं याच जातीचं होतं, "येत नसशील तर तुला इथंच सोडून जाते."

तुमच्या तालुक्यात तर हे बोलणं जास्तच लागतं. दिवाळीच्या मागंपुढं मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली जोडपी कोयता घेऊन ऊसतोडीला साखर कारखान्यांकडं निघतात, ती पाच-सहा महिन्यांनी परततात. मागं राहिलेली लेकरं आजीपाशी किंवा हंगामी वसतिगृहात असतात. तुमच्या मुलाच्या शेजारी, वर्गात अशी लेकरं असणारच. आई खरोखर गाडीत बसून गेलेली ज्यांनी पाहिली, त्यांच्यासमोर "तुला आणलेलं आहे, परत देऊन टाकू" हे हसण्यावारी कोणीही बोलू नये, आत्यानं तर नाहीच.

आजोबांना चालू द्या. आत्याला मात्र मुलासमोरच बसवा आणि तो जन्मला त्या दिवसाची हकिकत तिच्या तोंडून सांगायला लावा. कुठल्या दवाखान्यात, पाऊस होता की ऊन, कोणी आधी हातात घेतलं, बारशाला कोण कोण जमलं. तो दहा वेळा विचारेल, दहाही वेळा सांगा.